हातगुण

वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला बायका पुष्कळ होत्या, पण रोपवाली म्हटलं की ती एकच. तिचं खरं नाव हजेरी घेतानासुद्धा कुणाच्या तोंडी यायचं नाही. मुकादम नुसता मान वर करून बघायचा आणि म्हणायचा, "रोपवाली आली म्हणजे झालं." बाकीच्या बायकांना हे फारसं रुचायचं असं नाही, पण त्याही मनातून मानायच्या की तिच्या हाताला गुण आहे. सगळ्या जणी तीच माती चाळायच्या, त्यात तेच खत कालवायच्या, त्याच काळ्या पिशव्या भरून त्यात तेच बी टोचायच्या. तरी हिच्या वाफ्यातली रोपं तरारून वर यायची आणि शेजारच्या वाफ्यातली माना टाकायची. एखाद्या वाफ्याला मर लागली की मुकादम तिला हाक मारायचा, "वहिनी, जरा हात फिरवून जा."

"हातगुण कसला डोंबलाचा," ती म्हणायची. "वेळेवर पाणी घाला, आपोआप जगतील." असं म्हणायची खरी, पण हात फिरवायला जायचीच, आणि जाताना पदर जरा ठाकठीक करून जायची. माणूसच ती. कुणी कौतुक केलं की सुखावायची.

तिचं घर रोपवाटिकेपासून हाकेच्या अंतरावर नव्हतं, पण फार लांबही नव्हतं. ओढ्याच्या काठाने वर गेलं की एक खोपटं लागायचं. त्याच्या खाली ओढ्यालगत जमिनीचा चिंचोळा पट्टा आणि वर डोंगराचा ऐसपैस उतार. सासऱ्याच्या आज्यापासून हे दोन्ही तुकडे त्यांच्याकडे. आता 'त्यांच्याकडे' म्हणजे कागदावर नव्हे. त्या वस्तीत कुणाचंच काही कागदावर नव्हतं. कोणता तुकडा कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तेवढं पुरत होतं.

त्यांची शेती करायची रीतही ठरलेली होती. एका तुकड्यावर काही वर्षं पेरायचं. जमिनीचा जीव दमला, कणसं हलकी भरायला लागली, की तो तुकडा विसाव्याला सोडायचा आणि दुसऱ्यावर जायचं. विसाव्याच्या जमिनीत झुडपं वाढायची, झाडं उभी राहायची, पालापाचोळा पडून कुजायचा. माती पुन्हा काळी झाली की झाडं तोडायची आणि पेरायचं. शेत आणि रान असे दोन वेगळे शब्द त्यांच्याकडे होते, पण जमीन एकच होती. आज रान, उद्या शेत. म्हणून शेतात झाड उगवलं तर त्या लोकांच्या पोटात गोळा यायचा नाही. उलट बरं वाटायचं, की जमीन झोपली आहे, उठेल तेव्हा भरभरून देईल.

ती लग्न होऊन आली त्या सुमारास उतार विसाव्याला होता. मुलगा झाला, अंगावर पीत होता, तेव्हा एक दिवस मुकादम म्हणाला की खात्याला लागवडीसाठी रिकाम्या जागा हव्यात. वस्तीच्या आसपासचे दोन-तीन उतार धरलेत. कोण कुठे काम करणार?

आणि तिने स्वतःहून हात वर केला. आमच्या उतारावर मी लावते म्हणाली.

तिला कुणी फसवलं नाही की धमकावलं नाही. तिचा हिशेब सरळ होता. उतार घराजवळ, मुलाला सावलीत झोळीत टाकता येईल, रडला तर खड्डा अर्धा टाकून पाजता येईल. आणि विसाव्याच्या जमिनीत झाडं तशीही वाढणारच. साग वाढला तर काय बिघडलं? रोजगार मिळतोय, झाडं आयती मिळताहेत, पाला पडून माती सुधारेल. आपली पाळी आली की तोडू आणि पेरू. सासरा तेव्हा हयात होता. त्यालाही पटलं. नवऱ्यालाही पटलं. अख्ख्या वस्तीत एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्याने ही कहाणी ऐकली तो शहाणा माणूस विचारतो, असं कसं हो तुम्ही आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला? पण ज्यांना धोंडा दिसतच नव्हता त्यांना हे विचारून काय उपयोग!

तिने मात्र ते काम असं केलं की काही विचारू नका. रोप लावताना आधी पिशवी फाडावी लागते. अंगठ्याच्या नखाने एका बाजूने चिरायची, मातीचा गोळा फुटू न देता अलगद सोडवायचा, खड्ड्यात ठेवायचा, कडेने माती लोटायची आणि टाचेने दाबायची. हिच्या हातून एक गोळा फुटला नाही. नंतर पाणी. उन्हाळ्यात तर ओढ्याचा झरा आटत आला तरी ती डोक्यावर हंडे घेऊन उतार चढायची. कडेने वणवा येऊ नये म्हणून पाला झाडून पट्टा साफ ठेवायची. मूल झोळीत, झोळी फांदीला, आणि आई रोपांच्या रांगेत.

शेजारच्या उतारावर पेंगुळराव होता. तो उभ्याउभ्या पेंगायचा म्हणून वस्तीने त्याला हे नाव दिलेलं. तो उतारही असाच विसाव्यातला आणि त्याच्याच घरचा. पेंगुळरावाने पिशव्या फाडायची कटकटच ठेवली नाही. रोप पिशवीसकट खड्ड्यात बसवलं, वर माती ओढली, मोकळा झाला आणि झाडाखाली आडवा झाला. वरून पाहणाऱ्याला काही कळायचं नाही. पण पिशवीतल्या मुळांना बाहेर जायला वाट मिळत नाही. ती आतल्या आत गोल गोल फिरतात आणि ओल संपली की रोप गपचूप मरतं. पुढच्या उन्हाळ्यात पेंगुळरावाचा उतार जळक्या काड्यांनी भरला. वस्तीतल्या बायका हसून बेजार झाल्या. मुकादमाने कपाळावर हात मारला. आणि रोपवालीच्या उतारावर वरच्या साहेबांची गाडी आली, फोटो काढले, लोखंडी पाटी ठोकली. पाटीवर काय लिहिलंय ते मुकादमाने वाचून दाखवलं: आदर्श रोपवन. तिने घरी येऊन नवऱ्याला ते दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणून दाखवले.

पेंगुळरावाने विसावा पुरा झाल्यावर जळक्या काड्या उपटल्या आणि पेरलं. त्याला कुणी हटकलं नाही. तिथे अडवायला काही उरलंच नव्हतं.

इकडेही पाळी आली. ओढ्याकाठचा पट्टा दमला होता. नवऱ्याने कुऱ्हाडीला धार लावली आणि सकाळी उतारावर गेला. दुपारी त्याला वनखात्याची माणसं घेऊन गेली. झाडं सरकारी, तोडणं गुन्हा. त्याने दोनच झाडं पाडली होती. "अहो, ही आमच्या शेतातली झाडं," तो सांगत राहिला. "माझ्या बायकोने लावलीत. विचारा हवं तर." त्यांनी विचारलं नाही, कारण ते त्यांना माहीतच होतं. त्याला कचेरीच्या मागच्या खोलीत डांबलं आणि सोडलं ते काही दिवसांनी. तिथे त्याच्याशी कसे वागले हे त्याने घरात कधी सांगितलं नाही. आला तो दारात बसला, उताराकडे पाठ करून. आणि तेव्हापासून तो तसाच बसू लागला. जेवण तसंच, चहा तसाच, पाहुणा आला तरी तसाच. उतार जणू त्याच्यासाठी नाहीसाच झाला.

मग राहिला फक्त ओढ्यालगतचा पट्टा. त्याला विसावा द्यायचा तर पेरायचं कुठे? तो वर्षानुवर्षं राबत राहिला. एखाद्या आजारी बैलाला जुंपावं तसं ते पट्ट्याला जुंपत राहिले. कणसं यायची, पण हातात घेऊन चोळली तर फोलपटच जास्त निघायचं. तिची रोपवाटिकेतली मजुरी होती म्हणून घर तगलं.

झोळीतला मुलगा मोठा झाला. हाडापेराने दांडगा, बोलायला तिखट. त्याचं लग्न झालं, सून आली, सुनेला दिवस गेले. तेव्हा एकदा जेवताना तो म्हणाला, "आई, या पट्ट्यावर आता पाचवं तोंड भरणार नाही. आम्ही वीटभट्टीवर जातो."

वीटभट्टीवर गेलेली वस्तीतली माणसं तिने पाहिली होती. जाताना म्हणत, हंगाम संपला की येतो. मग हंगामांवर हंगाम जायचे. कुणाकुणाचं तर नावच घरच्यांनी घेणं सोडून दिलं होतं.

"बाळंतपण तरी इथे होऊ दे," ती म्हणाली.

"आणि मग?" तो म्हणाला.

आणि नेमका तेव्हाच एक नवा कायदा आला. वस्तीचा पुढारी, म्हणजे चार बुकं शिकलेला आणि कचेरीच्या पायऱ्या झिजवलेला एक माणूस, त्याने सगळ्यांना बोलावून सांगितलं की जंगलात जे पिढ्यान्पिढ्या जमीन कसत आले त्यांच्या नावावर ती होणार. दावा करायचा, मग साहेब येऊन पडताळणी करतील, जमीन बघतील आणि ठरवतील. रोपवाली घरी पळतच आली. मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उतार आपल्या नावावर झाला तर मी कुठेही जात नाही. आई, एवढी जमीन असली तर भट्टीवर कोण मरायला जातंय? पण नाही झाला, तर मला थांबवू नकोस."

"नाही थांबवणार," ती म्हणाली. तिच्या जिवात जीव आला होता. उतार आपलाच आहे, मग होणार कसा नाही?

पण पुढाऱ्याने उतार बघितला आणि त्याचा चेहरा पडला. सरळ रेषेत उभे साग, प्रत्येकाचा बुंधा मांडीहून जाड, आणि कडेला गंजकी पाटी. "वहिनी, हे शेत दिसतंय कुठून? हे तर खात्याचं रोपवन. इथे साहेब काय बघणार?"

मुलाने हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो कोयता घेऊन वर गेला. झाड तोडलं की खुंट दिसतो, माणूस पकडला जातो. पण बुंध्याभोवती गोल साल काढली तर झाड उभ्याउभ्या वाळतं आणि कुणाचं नाव येत नाही. पडताळणीला अजून अवकाश होता. त्याने कडेच्या एका झाडापासून सुरुवात केली. निम्म्याहून जास्त साल काढून झाली तेव्हा आई खालून येताना दिसली.

ती ओरडली नाही. येऊन झाडापाशी उभी राहिली. उघड्या लाकडातून पाणी झिरपत होतं.

"अडवू नकोस," तो म्हणाला.

"अडवत नाही."

"मग अशी काय बघतेस?"

तिने उघड्या लाकडाला बोट लावलं, तसा तो आणखी भडकला. "माझ्यापेक्षा यांनाच जास्त जपलंस तू. मी झोळीत बोंबलत असायचो आणि तू यांना पाणी पाजत फिरायचीस. बाबांना यांच्यापायी नेलं. आता मलाही यांच्यापायीच जावं लागणार. आणि तुझ्या डोळ्यात पाणी येतंय ते यांच्यासाठी!"

ते खोटं नव्हतं, आणि पुरतं खरंही नव्हतं. तिला झाडांसाठीही रडू येत होतं आणि त्याच्यासाठीही. मुलाने कोयता मातीत रोवला आणि तो तरातरा उतरून गेला. त्याच्याच्याने पुढचं झाड झालं नाही.

ती ओढ्यावर गेली, चिकणमाती आणली, त्यात शेण कालवलं, झाडाच्या जखमेवर जाड थर दिला आणि वरून पोत्याचा तुकडा घट्ट बांधला. का केलं असं? तिलाच विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं. रक्त निघालं की फडकं बांधावं, एवढंच तिच्या हातांना ठाऊक होतं. घरी गेली आणि हे ती विसरूनही गेली.

दरम्यान पुढाऱ्याने एक वाट शोधून काढली. आम्ही कसत होतो आणि आम्हाला जबरदस्तीने हुसकावून वर झाडं लावली, असं असेल तर जमीन परत मागता येते. त्याने रोपवालीला समोर बसवून पढवलं. "नीट पाठ करा, वहिनी. आम्ही पेरत होतो. आम्हाला हाकललं. मग झाडं लावली. बस, एवढंच बोलायचं. जास्त नाही."

खोटं म्हणावं तर फार खोटं नव्हतं. पेरत होते हे खरं, हाकललं हेही खरं. फक्त मागचं पुढे आणि पुढचं मागे केलं होतं. मुकादमालाही पुढारी भेटून आला. मुकादम वाईट माणूस नव्हता. "मला विचारलं तर मला आठवत नाही म्हणेन," तो म्हणाला. "एवढं वहिनींसाठी करीन." रोपवाली माती चाळताना ती तीन वाक्यं पुटपुटायची. सून हसायची, "आई, तुम्हाला तर झोपेतसुद्धा येतील आता." घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसत होतं. मुलगासुद्धा आईशी पुन्हा बोलू लागला होता. उतार मिळाला तर वरच्या अंगाला काय पेरायचं यावर बापाशी बोलायचा. बाप पाठ फिरवून बसलेला, पण हुंकार द्यायचा.

पडताळणीच्या दिवशी साहेब आले. सोबत जमीन मोजायचं यंत्र घेतलेली माणसं होती, मुकादम होता, पुढारी होता, आणि मागे निम्मी वस्ती. साहेब तिरसट नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. कुणी तिरसट असतं तर त्याच्या नावाने बोटं मोडता आली असती. ते आधी पेंगुळरावाच्या उतारावर गेले. तिथे पीक उभं होतं, बांध होता, आणखी बघायचं काय? पेंगुळराव जागा होता ही त्यातल्या त्यात नवलाची गोष्ट.

मग रोपवालीचा उतार. तिने साहेबांना सासऱ्याने रचलेला दगडी बांध दाखवला, सागांच्या मुळांनी उचकटलेला. खळ्याची सपाट जागा दाखवली. तिथेही झाडं होती, पण खालची जमीन अजून टणक होती. साहेब खाली वाकले, हाताने जमीन चाचपली. "इथे मळणी व्हायची?"

"हो, साहेब. आम्ही पेरत होतो. आम्हाला हाकललं. मग झाडं लावली."

एका दमात म्हणून टाकलं. पुढाऱ्याने डोळे मिटले, एवढी घाई त्याने सांगितली नव्हती. पण साहेबांनी मान हलवली. मुकादमाकडे पाहिलं. मुकादम म्हणाला, "जुनी गोष्ट आहे साहेब, मला काही आठवत नाही." साहेब सोबतच्या माणसाला म्हणाले, "बांध आणि खळं दोन्ही नोंदवून घ्या. बाई म्हणतात त्यात तथ्य दिसतंय."

मुलाने दुरून आईकडे पाहिलं. लहानपणी मार खाण्यातून वाचल्यावर बघायचा तसा. तिचं काळीज सुपाएवढं झालं.

परत जाताना साहेब आल्या वाटेने उतरले असते तर ही कहाणी वेगळी झाली असती. पण यंत्रवाल्यांना कडेची हद्द धरून जायचं होतं आणि साहेब त्यांच्या मागोमाग निघाले. कडेला ते झाड होतं. बुंध्याला पोत्याची पट्टी, पट्टीखालून डोकावणारी माती.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. आईने ते बांधलंय हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्या दिवसानंतर तो तिकडे फिरकलाच नव्हता. यंत्रवाल्यांतल्या एकाने पट्टी सैल केली. आत साल कापलेली, आणि कापल्या जागी कडेने नवी कोवळी साल भरून येत होती.

"साल कुणी काढली?"

आता साल काढणाऱ्याचं नाव निघालं तर मुलगा बापाच्या वाटेने कचेरीच्या मागच्या खोलीत. रोपवाली पुढे झाली. "कुणी काढली ठाऊक नाही साहेब. निघालेली दिसली. वाळलं असतं, म्हणून मी बांधलं."

"तुम्ही?"

"हो."

साहेबांनी झाडाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग मान वर करून रांगांकडे पाहिलं. एकही झाड वाकडं नाही, कुठे वाळवी नाही, कुठे वेल चढलेली नाही. कडेचा पट्टा झाडून लख्ख. मुलगा मोठा झाला, नवरा पाठ फिरवून बसला, तरी तो पट्टा तिने दर उन्हाळ्यात झाडला होता. वणवा लागला तर खाली घर आहे, असं ती स्वतःला सांगायची.

"बाई," साहेब हळू आवाजात म्हणाले, "ही झाडं तुम्हीच लावलीत ना?"

नाही म्हणायचं. एवढंच करायचं होतं. पुढारी डोळ्यांनी सांगत होता, मुकादम खाली बघत होता, मुलगा बघत होता. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "हो. मीच लावली. एकही मेलं नाही."

आणि जे आहे ते सांगायलाच हवं, शेवटच्या शब्दांत तिच्या आवाजात अभिमान होता. तो अभिमान तिला पुढे कित्येकदा आठवला आणि दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तेव्हा इथे पीक होतं?"

"नाही साहेब, विसाव्याला होती."

"म्हणजे रिकामी होती."

"रिकामी नाही. विसाव्याला." तिने समजवायचा प्रयत्न केला. दमलेली जमीन, कुजणारा पाला, पाळी. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांना समजलंही असावं. पण नोंदवायला त्यांच्याकडे दोनच रकाने होते, कसलेली किंवा न कसलेली. "ज्याला जबरदस्तीने हाकललं तो माणूस असं जपत नाही, बाई," ते म्हणाले, आणि त्यांना ते म्हणताना बरं वाटत नव्हतं.

दावा नामंजूर झाला. पेंगुळरावाचा मंजूर झाला. पेंगुळराव दोन दिवस तोंड चुकवत होता, मग येऊन ओट्यावर बसला. "वहिनी, मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं, एवढं मन लावून काम करू नका," तो म्हणाला. त्याला गंमत करायची होती की सांत्वन करायचं होतं कोण जाणे. म्हणाला आणि स्वतःच डोळे पुसायला लागला.

मुलाने तिला एका शब्दाने दोष दिला नाही. तिने त्याचं नाव झाकायला तोंड उघडलं होतं हे त्याला कळत होतं, आणि त्यामुळे त्याला धड रागावताही येत नव्हतं. बोचकी बांधून झाल्यावर तो दारात घुटमळला. "बाबांना जप," म्हणाला. "आणि ती पट्टी सोडव आता. झाड जाड झालं की काचेल." सून रडत होती. ते ओढ्याच्या काठाने खाली गेले. वळणापाशी सून एकदा थांबली, पोटावर हात ठेवून. मग तीही दिसेनाशी झाली. नवरा दारात बसला होता, नेहमीसारखा उताराकडे पाठ करून, म्हणजे तोंड त्याच वाटेकडे. त्याने शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

मूल भट्टीवरच झालं. मुलगी झाली असं कुणी येणाऱ्याने सांगितलं.

रोपवाली कामावर जात राहिली. दुसरं करणार काय? लावणीचे दिवस आले तसा मुकादमाने बायकांना रोपांसकट गाडीत भरलं आणि दूरच्या एका वस्तीला नेलं. "मोठी जागा आहे," तो वाटेत सांगत होता. "नुसती रिकामी पडलीय."

ती उतरली. समोर उतार होता. गुडघाभर झुडपं, मधूनमधून कोवळी झाडं. तिने चार पावलं टाकली आणि थांबली. झुडपांखाली दगडी बांध होता. बांधाच्या वरच्या अंगाला, गवतात, जुन्या खळ्याची सपाट जागा अजून टणक होती. तिने पायाने माती उकरली. काळी झाली होती. अजून एखाद-दोन वर्षं, की पाळी आली.

कडेला एक बाई उभी होती, कडेवर तान्हं मूल. बघत होती. काही वेळाने पुढे येऊन म्हणाली, "कोणी सांगितलं तुम्हाला इथे लावायला?"

"खात्याने," दुसरी एक मजूर बाई म्हणाली. "जागा रिकामी आहे म्हणे."

"रिकामी?" ती बाई म्हणाली, आणि तिने झुडपांखालच्या बांधाकडे हात केला.

रोपवालीने खड्ड्याशी बसून रोप हातात घेतलं. तिने स्वतःच वाढवलेलं रोप, आठ पानांचं, टवटवीत. अंगठा सवयीने पिशवीवर गेला, नख टेकलं. पिशवीच्या खालच्या भोकातून एक पांढरं मूळ बाहेर डोकावत होतं, जमीन शोधत. जन्मात तिने एक रोप मारलं नव्हतं.

तिने नख काढून घेतलं, रोप पिशवीसकट खड्ड्यात उतरवलं आणि माती लोटली. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

मुकादम रांगेतून फिरत आला. "वहिनी, तुमचा हात लागला म्हणजे मला काळजी नाही बघा," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

कडेची बाई अजून तिथेच होती. मूल रडायला लागलं होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिची नजर रोपवालीच्या हातांवर होती. "मरू देत तुमची झाडं," ती ओरडली. "एकही जगायचं नाही!"

मरतील गं बाई, असं रोपवालीला सांगावंसं वाटलं. पण मुकादम जवळच उभा होता. तिने दुसरं रोप उचललं, पिशवीसकट खड्ड्यात ठेवलं आणि टाचेने माती दाबली.